नाकवाले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांच्या एकाही रुमालाला चार कोपरे नव्हते. वॉर्डाच्या पडद्यांना भोकं होती आणि एकदा तर बोलता बोलता त्यांनी माझ्या एप्रनचा खिसाच कापून घेतला. धुळ्यात त्यांना ‘नाकवाले डॉक्टर’ म्हणत. कापलेली, भाजलेली नाकं ते नव्याने घडवत आणि चाकू हातात घेण्याआधी तो आकार कापडावर बेतून बघत. मी त्या वॉर्डाची सिस्टर, पडद्यांबद्दल बोलणी खायची ती मीच. तक्रार केली की म्हणत, “सिस्टर, कापड बाजारात मिळतं. कातडी आणून द्याल?”

माणसाच्या डोळ्यांकडे त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आठवडे बाजारात तोंडावर पदर ओढलेली बाई दिसली की भाजी सोडून तिच्यामागे जात. मार खाता खाता वाचलेत. साक्रीच्या बाजारातून जनाला त्यांनी असंच आणलं. नवऱ्याने संशयापायी तिचं नाक कापलं होतं.

इलाज असा, की कपाळाची कातडी खाली वळवून तिचं नाक करायचं. एका टोकाला ती देठासारखी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त पोचतं. पण नेमकं तिथेच, कपाळाच्या मधोमध, जनाचं गोंदण होतं.

“भाऊ, बठ्ठं कपाय कापी टाक, पन हाई गोंदन राहू दे,” ती म्हणाली. “मनी मायनी आठवन शे.”

माय कधीच वारली होती. दुसरे एक डॉक्टर हसले, “विचारा तिला, नाक हवंय की गोंदण?”

“दोन्ही हवंय!” आमचे डॉक्टर कडाडले.

गोंदण टाळून कातडी बाजूने तिरकी घेतली तर देठ अरुंद होणार. रक्त पोचलं नाही तर नाकही गेलं आणि कपाळही. हा शुद्ध हट्ट आहे, असं मी तोंडावर सांगितलं. उत्तरादाखल त्यांनी उशीची नवी खोळ कापली.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या नाकाचं टोक जांभळं पडलं.

डॉक्टरांनी खाटेजवळ स्टूल ओढलं ते हललेच नाहीत. वॉर्डात कुणी बोलायचं नाही, शिंकायचं तर व्हरांड्यात. एका म्हाताऱ्याला खोकल्याबद्दलही दम मिळाला. एक टाका सैल केला, टोकाला सुई टोचली. काळपट रक्त आलं, म्हणजे ताजं पोचत नव्हतं. मी मनातल्या मनात एकवीरेला नवस बोलले. जना तेवढी शांत होती. “जेवी ले, भाऊ,” ती त्यांनाच सांगत होती.

उन्हं कलल्यावर पुन्हा टोचलं. लालभडक थेंब आला. “आला! आला!” डॉक्टर एवढ्याने ओरडले, की म्हाताऱ्याने खोकून सूड घेतला.

पुढे देठ कापला, जखम भरत आली, तेव्हा जनाने आरसा मागितला. आधी गोंदण चाचपलं, मग नाक पाहिलं. मग म्हणाली, “भाऊ, तुनी मायनी तुले काय दिन्हं?”

आता हे ओरडणार, असं मला वाटलं. ते हळूच म्हणाले, “मी तान्हा होतो तेव्हाच गेली. फोटोही नाही. लोक म्हणतात, माझं नाक तिचं आहे.”

ते नाक म्हणजे साऱ्या धुळ्याच्या थट्टेचा विषय. भलंमोठं, शेंड्याला वाकलेलं. जनाने ते नीट न्याहाळलं.

“मंग तुनी माय देखनी व्हती,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी ड्रेसिंगची पट्टी माझ्या हातात दिली. हे काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नव्हतं. पण आत्ता त्यांना समोरचं दिसत नव्हतं.