क्लचचं ऑइल कोण चोरतं?

"बाबांच्या हातात ही गाडी लोण्यासारखी चालायची. तुमच्या हातात तिचा गिअरसुद्धा पडत नाही," मेहुणा म्हणाला आणि तपासनिसांच्या कपाळावरची शीर तटतटली.

गाडी सासऱ्यांची, जुन्या जमान्यातली. ते गेल्यावर ती जावयाच्या गॅरेजात आली, हे मेहुण्याला पहिल्यापासून खुपत होतं. "भाऊजी, रविवारी येतो. गाडी रस्त्यावर धावली तर इथेच राहील. नाहीतर ओढून घेऊन जाईन."

"खुशाल ये!" तपासनीस गरजले. त्यांची बायको तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. वडील तिचे, गाडी तिच्या वडिलांची; पण तिला विचारावं असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

तपासनीस हे नाव त्यांना कारखान्यात पडलेलं. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर चुका काढायला फक्त घर उरलं. स्वतः काही करून दाखवण्याची वेळ मात्र त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

क्लचचं पेडल दाबलं की खाली जाऊन तिथेच बसून राहत होतं. बॉनेट उघडलं, तर ऑइलची डबी निम्मी रिकामी. "गिअरबॉक्सजवळचा, खालचा पंप गळतोय," त्यांनी गाडीखाली न वाकताच निकाल दिला. मग पुराव्यासाठी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागद कोरडा ठणठणीत. दुसरा कुणी असता तर विचारात पडला असता. तपासनिसांनी कागदालाच नावं ठेवली. खालच्या पंपाचे सील बदलले, डबी भरली, आत बसून दिवसभर पेडल दाबदाबून पाहिलं. संध्याकाळी डबी पुन्हा निम्मी.

त्यात घरात नवीच भानगड. बैठकीच्या खोलीतल्या लाकडी जमिनीचं पॉलिश जागोजागी उडालं होतं आणि हाताला चिकट लागत होतं.

"तेलाची बरणी घेऊन घरभर नाचतेस की काय?"

"तुमच्या खुर्चीपाशी मी बरणी घेऊन कशाला येऊ?"

"तेच विचारतोय मी!"

बायकोने हात जोडले आणि फडकं आणलं.

इकडे डबी काही भरलेली राहीना. कागद कोरडा आणि डबी रिकामी, याचा अर्थ तपासनिसांच्या लेखी एकच होता: मेहुणा मागच्या मागे येऊन ऑइल काढून नेतो. त्यांनी गॅरेजला भलंमोठं कुलूप आणलं. आत स्वतःला कोंडून घेतलं, पेडल दाबदाब दाबलं, बाहेर येऊन कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी कुलूप शाबूत, कागद कोरडा, डबीत तळाला चार थेंब.

बूट दारात भिरकावून ते तरातरा बैठकीच्या खोलीत आले. "किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात. दुसरी तुझ्याकडे! भावाला सामील झालीस ना?"

इतकी वर्षं नाना आरोप ऐकलेल्या त्या बाईने हातातली घडी खाली ठेवली. आता मात्र तिला खरोखरच राग आला होता.

"डावा पाय वर करा."

"विषय बदलू नकोस!"

"पाय वर करा म्हणते ना!"

पाय वर झाला. मोजा तेलाने चिंब होता.

"आठवडाभर तुमचा डावाच मोजा दोन-दोनदा धुतेय मी. उजवा स्वच्छ. जमिनीवरचे डागही एकाच पायाचे. आता सांगा, क्लच कुठल्या पायाने दाबता?"

 दोघं गॅरेजात गेली. तिने पेडलच्या वर हात घातला आणि ओली बोटं त्यांच्या नाकासमोर धरली. पेडलजवळचा, वरचा पंप गाडीच्या आतल्या बाजूने गळत होता. ऑइल पेडलवरून ओघळून गाडीतल्या गालिच्यात मुरत होतं, आणि राहिलेलं साहेब बुटातून घरी आणत होते; त्यानेच जमिनीचं पॉलिश उडत होतं.

"मला हाच संशय होता," तपासनीस म्हणाले. लाज नावाचा भाग त्यांच्यात कधी बसवलेलाच नव्हता.

रविवारी वरच्या पंपाला नवे सील बसले. आता पाइपातली हवा काढायची, म्हणजे एकाने गाडीखाली झोपायचं आणि दुसऱ्याने पेडल सांभाळायचं. ती चालकाच्या जागेवर बसली.

"दाब! धरून ठेव! आता सोड! छे, दाबायचं कसं तेही कळत नाही तुला!"

"शिकवलंय मला बाबांनी," ती वरून म्हणाली. पेडल हळूहळू टणक होत गेलं.

इतक्यात मेहुणा दोरखंड घेऊन हजर झाला. "ताई, तू गाडीत?"

"दोरखंड टाक आणि बस शेजारी. अहो, बाहेर या, नाहीतर अंगावरून नेईन."

तपासनीस काळ्याकुट्ट तोंडाने सरपटत बाहेर आले. इंजिन सुरू झालं, गिअर लोण्यासारखा पडला आणि गाडी डौलात फाटकाबाहेर निघाली.

"पैज मी जिंकलो!" तपासनीस ओरडले. "गाडी माझी!"

गाडी थांबली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, शेजारी बसलेल्या भावाला फक्त विचारलं, "गाडी कुणाची रे?"

मेहुण्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा पायाशी पडलेल्या दोरखंडाकडे. "तुझी, ताई."

"ऐकलंत ना? मी फेरी मारून येते. तोवर जमीन घासून ठेवा."

गाडी वळणाआड गेली. तपासनिसांनी दारात बूट काढले. आत जाताना सवयीने त्यांनी जमिनीकडे पाहिलं, चूक काढायला तोंड उघडलं, मग खाली बसून डाव्या पायातला मोजा काढला.