लॉट नंबर सातची राखीव पुडी

"ह्या पुडीक जो कोण हात लावतलो, त्याचे हात मोडतले," असं म्हणून कमलाक्षीने पाव किलो सोलांची पुडी फडताळात ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. घरात तिसरं माणूस नव्हतंच, त्यामुळे इशारा कोणाला होता हे बाबलीला विचारावं लागलं नाही.

कमलाक्षीसह चोपडे गावातल्या अकरा बायकांनी यंदा एकत्र येऊन भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडली, मीठ लावून रसात बुडवली, मे महिन्याच्या उन्हात वाळवली आणि तीनशे किलो सोलं तयार केली. मुंबई-पुण्याकडे ह्यांना आमसुलं म्हणतात, म्हणोत बापडे. ही सोलं थेट जर्मनीला जायची होती. कमलाक्षीचा भाचा साईश मसाले परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. त्यानेच हे गिऱ्हाईक गाठून दिलं होतं. सगळा माल पोत्यांत भरून झाल्यावर चार किलो उरली, ती साखळी गावातल्या एका दुकानात देऊन टाकली. पोत्यांना मोहर लागली, खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली कमलाक्षीच्या कमरेला गेली.

"पण मावशी, माल असाच जात नाही. आधी परीक्षा," पोती बंद व्हायच्या आधीच साईश म्हणाला होता.

"सोलांची परीक्षा?"

"ओलावा किती, मीठ किती, बुरशी आहे काय, वाळू आहे काय..."

"वाळू? माझ्या सोलांत वाळू?"

"अगो, तू वाळू घालतेस असं कोण म्हणतं? तिकडचा माणूस तुला ओळखत नाही. त्याला चव सांगून कळायची नाही, आकडा सांगावा लागतो. नापास झालो तर ऑर्डर गेली. मग तीनशे किलोचं सार करून पीत बसा अकराजणी."

"मशीन कित्याक होया? एक सोल माझ्या जिभेर ठेय, खंयच्या घरचां ता सांगतंय. डोळे बांधून!"

तरीही साईशने लॉट नंबर सात असं लिहिलेल्या तीन पुड्या भरल्या. एक पणजीकडच्या लॅबला, एक जर्मनीच्या गिऱ्हाइकाला, त्यांच्या लॅबमध्ये तपासायला, आणि तिसरी राखीव. काही अडचण आली तर असावी म्हणून घरात जपून ठेवायची. तिन्ही पुड्यांच्या तोंडावर दोघांनी सह्या केल्या.

कमलाक्षीचा जीव त्या परीक्षेत अडकला होता, आणि त्याला कारण शेजारची रुक्मिणी. भर देवळात, आरतीनंतर, सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, "कमलाक्षीची सोलां जर्मनीक चल्ली? परत येवचां तिकीट काडलां मगे?" त्या दिवसापासून कमलाक्षी रुक्मिणीच्या सोलांना 'मिठागर' म्हणत असे, तेही कुंपणाजवळ उभी राहून, मोठ्याने.

आता बाबलीचं ऐका. माणूस गरीब. व्यसन नाही, भांडण नाही. फक्त बांगडा दिसला की त्याचं डोकं चालायचं थांबायचं आणि पोट चालवायला घ्यायचं. मंगळवारी कमलाक्षी गटाच्या कागदांसाठी पेडण्याला गेली आणि ह्याला धक्क्यावर सहा ताजे बांगडे मिळाले. नारळ खवला, मिरची वाटली, बांगड्यांचं हुमण रटरटायला लागलं, आणि लक्षात आलं की डब्यात सोल नाही. तीनशे किलो सोलांच्या घरात हुमणाला एक सोल नाही! पोती कुलपात, किल्ली पेडण्यात.

"चार घेतली तर जर्मनी काय बुडता?" तो फडताळाला म्हणाला.

सही पुडीच्या तोंडावर होती, म्हणून त्याने बूड उघडलं. चार म्हणता मूठभर सोलं घेतली आणि मेणबत्तीवर प्लास्टिकचं बूड परत चिकटवलं. हुमण असं झालं की त्याने टोप बोटाने पुसला. बुधवारी कमलाक्षी पुन्हा पेडण्याला. दोन मुठी. गुरुवारी शिवराक, घरात मासळी नाही, म्हणून पुडी वाचली. शुक्रवारी ती परत पेडण्याला, आणि ह्याचं हुमण, वर टोपभर सोलकढी. शनिवारी बघतो तर पुडीत सात सोलं आणि बरीचशी हवा.

आणि शनिवारीच दुपारी दोन वाजता, कमलाक्षी जेवून आडवी झालेली असताना, फोन वाजला. लॅबच्या हर्षा मॅडम होत्या.

"तुमची पुडी वाटेत फाटलीय. फाटका नमुना आम्ही तपासत नाही. राखीव आहे ना?"

"आसा तर... पण तीच फाटकी चलवन घेतल्यात तर? एवढ्याशा फाट्यान काय जाता?"

"नियम म्हणजे नियम. साईशना सांगितलंय, तीन वाजता न्यायला येतील. पाव किलो पूर्ण हवी हं."

बाजार बंद, गाव झोपलेला. दुपारच्या दोन वाजता अख्ख्या चोपड्यात जागी असणारी बाई एकच, आणि तिचंच नाव घ्यायची ह्या घरात बंदी होती. पण अडला हरी. बाबली कुंपण ओलांडून रुक्मिणीच्या मागच्या दारात उभा राहिला.

"वयनी, पाव किलो सोलां होयी होती."

रुक्मिणीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. तिचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "काय म्हणतास? बायको जर्मनीक सोलां धाडता, आनी घोव माझ्या दारात मागता?"

"पित्त उठलां गो वयनी. आंगभर. सोलां लावची म्हणान..." तोंडात आलं ते बाबली बोलून गेला.

"अगे बाय माझे! आनी असेच उभे ऱ्हवल्यात? काडा शर्ट!"

"नाका नाका, घरी लावतंय..."

"काडा म्हणतंय ना! कमलाक्षीक कळपाक होया, रुक्मिणीच्या सोलांचो गुण काय तो!"

रुक्मिणी पुढे आणि बाबली मागे, असे दोघे अंगणातल्या तुळशीला तीन फेरे फिरले. शेवटी तिने त्याला पायरीवर बसवलंच. भिजवलेल्या सोलांचा लालभडक कोळ पाठीवर, पोटावर, मानेवर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा चोपडला. वर चांगली पाव किलोपेक्षा जास्त सोलं कागदात बांधून दिली. "रोज लावा. कमी पडली तर लाजू नका."

घरी येऊन बाबलीने पुडी भरली, काट्यावर तोलली, बूड चिकटवलं. पुडी फडताळात ठेवून वळला, तर समोर कमलाक्षी.

"अवो! तुमका कोणी सोलल्यान काय?"

"पित्त," बाबली म्हणाला. दुसरं काही सुचण्याची सोय उरली नव्हती.

"पित्त? मगे एक महिनो नुस्त्याक, बांगड्याक हात लावचो नाय. पेज आनी दुदयाची भाजी."

"महिनोभर?"

"वैद्य हेंच सांगतलो."

साईश आला, सही तपासली, पुडी उचलली, लालेलाल काकाकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता गाडीला किक मारली. शिकलेला मुलगा, कुठे विचारायचं नाही ते त्याला कळत होतं.

मग सुरू झाले वाट बघायचे दिवस. बाबली सकाळी पेज जेवी आणि रात्री झुरे. हात मोडायची भीती नव्हती. पण अंगणात अकरा बायका रोज संध्याकाळी जमत आणि जर्मनीच्या गोष्टी करत. कोणी म्हणे, पुढच्या वर्षी हजार किलो करूया. कोणी म्हणे, वाळवायला मोठी जाळी घेऊया. बोटांची कातडी जाईपर्यंत भिरंडं फोडली होती त्यांनी. आणि त्यांच्या नावाने परीक्षेला बसली होती रुक्मिणीची सोलं! ते मिठागर नापास झालं तर? बाबलीला अगदी रडू येई. देवाला त्याने पाच नारळ बोलले, मग भीती वाढली तसे अकरा केले.

तेराव्या दिवशी साईश धावतच आला. "मावशी! पास!"

अंगणात एकच गलका झाला. कमलाक्षी मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. इतकी कडक बाई ती!

"आणि गंमत ऐक," साईश म्हणाला. "जर्मनीच्या लॅबचापण रिपोर्ट आलाय. त्यांची पुडी आणि आपली राखीव पुडी, आकडे जुळताहेत. ओलावा तोच, मीठ तेवढंच. ते म्हणतात, एकाच लॉटचा माल, शंकाच नाही. असं गिऱ्हाईक आता सुटायचं नाही!"

बाबलीच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. जर्मनीला गेली ती पुडी कमलाक्षीची. लॅबला गेली ती रुक्मिणीची. मग एकच लॉट कसा? मशीनला काय वेड लागलं? सगळे आनंदात आहेत हे बघून तो हळूच कुंपणापलीकडे गेला.

"वयनी, खरां सांगा. ती सोलां खंयची?"

"खंयची म्हणजे? माझी!"

"लॅबात कळलां सगळां," बाबलीने अंधारात दगड मारला.

रुक्मिणीचा चेहरा पडला. तिने इकडे तिकडे बघितलं आणि त्याला दाराआड ओढलं. "यंदा माकडांनी एक भिरंड ठेवक नाय हो. लोकांक काय सांगू? साखळीक भयणीकडे गेल्लंय, थंयच्या दुकानातसून दोन किलो हाडली. दुकानदार म्हणालो, चोपड्याची आसत, एक नंबर. आता कोणाची ती माका समजना काय? पण तुमका देवाची शपथ, कमलाक्षीक सांगू नका. सांगल्यात तर मी पण सांगतलंय, दुपारच्या दोनाक माझ्या दारात कोण इल्लो तो!"

बाबलीने शपथ घेतली. इतक्या आनंदाने आजवर कोणी शपथ घेतली नसेल.

त्या दिवशी कमलाक्षीने स्वतःहून पित्ताचं पथ्य मोडलं. "तेरा दिवस झाले, आता काय होवचां नाय. हाडा बांगडे." बांगडे आले, मिरची-खोबऱ्याचं वाटप झालं, हुमण चुलीवर चढलं आणि पुन्हा तेच, डब्यात सोल नाही. पोत्यांची मोहर तर माल जाईपर्यंत तोडायची नव्हती. इतक्यात कुंपणावरून रुक्मिणीचा हात आला. हातात वाटी, वाटीत सोलं. "पास झालंस म्हणान आयकलंय गो. बरां झालां."

आनंदाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? कमलाक्षीने वाटी घेतली, वासानेच नाक मुरडलं आणि सोलं हुमणात टाकली. जेवायला साईशही बसला. कमलाक्षीने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"बगलंस, साईश? ही रुक्मिणीची सोलां. नुसतां मीठ! सगळां हुमण बिघडलां. तुझ्या मशीनाक आकडे लागतात, माका जीभ पुरता. माझी सोलां असती तर वासावरसून वळखली असती."

साईश मान डोलवत राहिला. बाबलीला मात्र कोणाचंच ऐकू येत नव्हतं. तेरा दिवस पेज आणि दुधी खाल्लेला माणूस तो. दोन बांगडे संपवून त्याने बोटं चाटली आणि समाधानाने मोठा सुस्कारा सोडला.

"कोण म्हणता बिघडलां? हुबेहूब त्या मंगळवारासारखां झालां!"

कमलाक्षीचा हात ताटातच थांबला.

"खंयच्या मंगळवारासारखां?"

बाबलीने साईशकडे पाहिलं. साईशने फडताळाकडे पाहिलं. मग बाबलीने ताट हळूच बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी जोरजोरात पाठ खाजवायला सुरुवात केली.