निबंधांचा पटवारी

विद्यार्थ्याने निबंधात लिहिलेली गाय खरोखर दूध देते की नाही, हे बघायला त्याच्या गोठ्यात जाऊन उभा राहणारा इंग्रजीचा मास्तर मी उभ्या जन्मात एकच पाहिला. विनायकराव पांढरीपांडे. नागपूरच्या आमच्या हायस्कुलात ते मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवत आणि मी गणित. आमचं गणित बिचारं भोळं. हौदाला दोन नळ आहेत म्हटलं की आहेत. तो हौद कुणाच्या घरी, त्या नळांना तोट्या आहेत का, असं विचारत मी कधी गावभर हिंडलो नाही. पांढरीपांडे हिंडत.

त्या गाईचंच सांगतो. महाल भागातल्या एका पोराने लिहिलं, की आमची गाय सकाळ-संध्याकाळ दूध देते. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे हे महाशय छत्री काखेत मारून गोठ्यात हजर. पोराच्या आजोबांना वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्यांनी गाईचं तोंड उघडून दात दाखवले, शेपटीचा भोवरा दाखवला, वंशावळ सांगितली. आतून काकू ओरडली, "दिवाळीपासून आटली हाये ते! कोणाच्या गळ्यात मारून राहिले, मामंजी?" पांढरीपांड्यांनी तिथल्या तिथे खिशातली लाल पेन्सिल काढली आणि पोराच्या वाक्यापुढे समासात इंग्रजीत लिहिलं, 'नॉट सिन्स दिवाली.'

गावोगावचा पटवारी जसा बांधावर जाऊन पीक पाहतो आणि मगच कागदावर चढवतो, तसे हे निबंधाची जागेवर जाऊन पाहणी करत. म्हणून पोरं त्यांना 'पटवारी मास्तर' म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता छड्या उडणार. पण स्वारी खूश! मला म्हणाले, "देशकर, पोट्टे वाया नाही गेले. उपमा बरोबर आहे."

वर्गात ते इंग्रजी बोलत, आणि तेही इतकं स्वच्छ की हेडमास्तर त्यांच्यापुढे इंग्रजी बोलायचं टाळत. पण एक प्रश्न मात्र कायम आपल्या बोलीतच यायचा. पोराने मार्गदर्शकातून पाठ केलेलं वाक्य म्हटलं रे म्हटलं, की पांढरीपांडे चष्मा कपाळावर चढवून विचारत, "पाह्यलं का गा?" बर्फावर निबंध? "पाह्यला का गा?" कोकिळेचं गाणं? "ऐकलं का गा? कुठं? कोणत्या झाडावर?" समुद्रकिनाऱ्यावरची सहल हा तर परीक्षकांचा लाडका विषय. नागपूरहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब. तरी पोरं लाटांवर लाटा उसळवत. पांढरीपांडे त्या सगळ्या लाटांवरून लाल रेघ ओढत आणि खाली लिहीत, 'गो टु अंबाझरी.' अंबाझरी तलावाच्या बांधावर जा, डोळ्यांनी पाहा, आणि जेवढं पाणी दिसेल तेवढंच लिहा.

शब्दसुद्धा ते असेच शिकवत. चवींच्या विशेषणांचा धडा होता त्या दिवशी ते आवळे, कडुलिंबाच्या काड्या आणि कच्ची केळी घेऊन वर्गात गेले. प्रत्येकाने विशेषण चावायचं आणि मग वाक्यात उपयोग करायचा. पुढच्या तासाला माझं भूमितीचं प्रमेय होतं, आणि समोर सगळा वर्ग तोंडं वाकडी करून बसलेला. मी हेडमास्तरांकडे तक्रार केली. पांढरीपांडे म्हणाले, "शब्द चावला नाही तर पचणार कसा?" कर्मणी प्रयोगाची त्यांना चीड होती. 'खिडकी फोडली गेली' असं कुणी म्हटलं, की लगेच, "कोनं फोडली ते बोल. दाराआड नको लपू."

एकदा काटोलच्या एका पोराने लिहिलं, की संत्र्याला बहर आला की वासाने आमच्या गावाला झोप येत नाही. झालं! पुढच्या बहराला पटवारी मोटार-लॉरीत बसून काटोलला रवाना. मुक्काम करून परत आले, आणि त्या पोराचा अर्धा मार्क कापला. मी विचारलं, "का हो, वास नव्हता?" म्हणाले, "होता ना. भल्ला होता. पण झोप लागली. उशिरा लागली, पण लागली."

सहसा दहापैकी सहाच्या वर ते जात नसत. सात म्हणजे सणवार. दहा मी त्यांच्या हातून कधी पाहिले नव्हते.

तर असा हा माणूस. एकटा जीव, सीताबर्डीवरच्या एका खानावळीत जेवायचा आणि रविवारी निबंधांमागे सायकल दामटायचा. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणत, "राहून गेलं." आम्हीही जास्त खोदून विचारत नसू.

त्या वर्षी फाल्गुनात, परीक्षा तोंडावर आलेली असताना, हेडमास्तर कुठून तरी बातमी घेऊन आले. आतल्या गोटातली, पक्की. यंदा 'माझी आई' हा निबंध येणार! त्यांनी फर्मान काढलं, की मॅट्रिकच्या प्रत्येक पोराकडून तो निबंध लिहून घ्या आणि तपासलेला गठ्ठा सोमवारी माझ्या टेबलावर ठेवा. पांढरीपांड्यांनी आजवर वर्गाला सगळे विषय दिले होते, घाण्याचा बैल दिला, बर्डीवरचा बाजार दिला, पण 'माझी आई' एकदाही दिलेला नव्हता. हेडमास्तरांना हे ठाऊक होतं. ते सगळ्या मास्तरांदेखत म्हणाले, "पांढरीपांडे, या खेपेला तुमचं तऱ्हेवाईकपण चालायचं नाही. गठ्ठा आला नाही किंवा मार्क भलतेसलते दिसले, तर मॅट्रिकचा वर्ग काढून घेईन. मग पाचवीला एबीसी शिकवत बसा."

मॅट्रिकचा वर्ग म्हणजे पांढरीपांड्यांचा प्राण. पोरं सुटीतही त्यांच्याभोवती घोटाळत. तेवढंच काय ते त्यांचं घरदार. मला वाटलं, आता गुपचूप तपासतील. पण मधल्या सुटीत ते माझ्याकडे आले आणि गठ्ठा माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "देशकर, एवढे तुम्ही पाहून द्या."

"मी? अहो, मी गणितवाला!"

"स्पेलिंगं मी पाहतो. बाकीचं तुम्ही पाहा. खरं आहे की नाही, तेवढं सांगा."

"आणि तुम्हाला काय धाड भरली?"

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला. मग त्यांच्या तोंडून आपली बोली आली. "मी पाळण्यात होतो तवाच गेली ते. आमच्या घरी सारे बाप्येच. आजोबा, काका अन् एक स्वैपाकी. बाप दुसरीकडे. मी पाह्यलीच नाही, तर तपासू कशी?"

इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून मला हे ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी थट्टेवर जातो, हा माझा स्वभाव. म्हणालो, "मग जाऊन पाहा की! गाई पाहायला जाता, संत्री पाहायला जाता."

"गाईचं वेगळं असते," ते गंभीरपणे म्हणाले. "गाय पाहून कळते." मग म्हणाले, "तुम्ही सोबत चला. तुम्हाले आहे. खरं असलं तर मान हलवा."

माझी आई तेव्हा घरी ठणठणीत होती आणि रोज माझ्याशी भांडत होती. मी रविवारचं कबूल केलं.

पोरांनी निबंध काय लिहिले होते! सगळ्यांची आई एकच, आणि तीही मार्गदर्शकातली. ती देवीसारखी, तिचा आवाज गोड, तिला राग म्हणून येत नाही. पहिल्या घरी आम्ही दारात पोचलो तेव्हा न रागावणारी माउली लाटणं घेऊन चिरंजिवांच्या मागे अंगणात धावत होती. आम्हाला पाहून तिने लाटणं पदराआड घेतलं. मी मान हलवली नाही. 'नेव्हर' या शब्दावर लाल काट बसली. दुसऱ्या घरची गोड आवाजाची आई दुधात पाणी घातल्याबद्दल गवळ्याच्या सात पिढ्या उद्धरत होती, आणि तो आवाज आम्हाला चौकातूनच ऐकू आला होता. तिसरीकडे, चौथीकडे तेच. पांढरीपांड्यांचा चेहरा उतरत चालला. मला म्हणाले, "देशकर, या तर साऱ्याच भांडून राहिल्या."

"आया अशाच असतात," मी म्हटलं.

"मग पोट्टे खोटं काहून लिहून राहिले?"

शेवटचा निबंध गणपतचा होता. गणपत कळमेश्वरचा, शेतकऱ्याचा मुलगा, वर्गात सगळ्यात कच्चा. त्याला मार्गदर्शकही पाठ होत नसे. त्याने चारच ओळी लिहिल्या होत्या. माझी आई आधी ओरडते. मग खरवड देते. तिला खरवड आवडत नाही असं ती म्हणते. पण भांडं घासताना ती बोट चाटते.

"आधी ओरडते, मग देते," पांढरीपांडे पुन्हा पुन्हा वाचत होते. "हा क्रम बरोबर आहे का?"

मी म्हटलं, पाहू.

कळमेश्वरला लॉरीतून उतरलो तेव्हा ऊन रणरणत होतं. गणपत बापाबरोबर वावरात गेलेला. घरी त्याची आई एकटी, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी सांगितलं, आम्ही गणपतचे मास्तर. तिने पांढरीपांड्यांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुरूच झाली.

"मास्तर, इतक्या उन्हात काहून फिरून राहिले जी? टोपी कुठं गेली? कोटाची गुंडी तुटली, ते लावाले घरी कोनी नाही का? अन् तोंड पाहा कसं सुकलं! सकाळपासून काही खाल्लं की नाही?"

पांढरीपांडे मॅट्रिकच्या वर्गाला धाकात ठेवणारा माणूस. पण चोरून पेरू खाताना सापडल्यासारखे उभे. हळूच म्हणाले, "नाही खाल्लं."

"पाहा बाई! एवढे शिकले, अन् जेवाचं कळत नाही!"

तिने आम्हाला ओसरीवर बसवलं. ज्वारीची भाकर, वरण, ठेचा. पांढरीपांडे मान खाली घालून जेवत होते. मग ती आत गेली. उलथण्याने भांडं खरवडल्याचा आवाज आला. परत आली ती दुधाच्या खरवडीची वाटी घेऊन. थोडीशीच होती. ती तिने माझ्यापुढे नाही, त्यांच्यापुढे ठेवली.

"गणपतसाठी ठेवली असेल," ते म्हणाले.

"त्याले उद्या देईन. खा तुमी."

"अन् तुम्हाले?"

"मले नाही आवडत जी," ती म्हणाली आणि भांडं घेऊन परसात गेली.

ठरल्याप्रमाणे मी मान हलवायला तयार होतो. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते परसाच्या दाराकडे पाहत होते. तिथून ती बाई आम्हाला पाठमोरी दिसत होती, आणि तिचा हात भांड्यातून तोंडाकडे गेला. पांढरीपांड्यांनी वाटीतली खरवड अगदी थोडी थोडी, पुरवून पुरवून खाल्ली. चष्म्याच्या काचा धुकटल्या होत्या, पण त्यांनी त्या पुसल्या नाहीत.

सोमवारी हेडमास्तरांनी गठ्ठा उघडला. वर गणपतचाच कागद. स्पेलिंगाच्या चार चुका दुरुस्त केलेल्या, आणि खाली दहापैकी दहा. हेडमास्तर ओरडले, "चार ओळींना दहा? हे भलतेसलते मार्क नाहीत तर काय? कुणाच्या भरवशावर दिले?"

वर्ग गेला, असं मी मनात म्हटलं.

पांढरीपांडे उभे राहिले. "जाऊन पाह्यलं, साहेब," ते म्हणाले. "जेवूनबी आलो."

हेडमास्तरांनी कागद पुन्हा हातात घेतला. चार ओळी वाचायला कितीसा वेळ लागतो, पण त्यांना बराच लागला. मग गठ्ठा बांधून परत देत म्हणाले, "वर्गावर जा. घंटा झाली."

परीक्षेत 'माझी आई' आलाच नाही. समुद्रकिनाऱ्याची सहल आली. गणपतने अंबाझरीबद्दल लिहिलं आणि कसाबसा पास झाला.

पुढे एका रविवारी बर्डीवर मला पांढरीपांडे दिसले. डोक्यावर टोपी, कोटाला दोऱ्याचा रंग न जुळणारी नवी गुंडी, आणि हातात संत्र्यांची पिशवी. कळमेश्वरची लॉरी धरायला निघाले होते.

मी विचारलं, "आता काय पाहायचं राहिलं? गणपत तर पास झाला, मार्कही देऊन झाले."

ते लाजले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"फेरतपासणी," म्हणाले, आणि घाईघाईने लॉरीत चढले.