मुंग्यांच्या दोन रांगा

एका जंगलात वाघ होता, बाळांनो, पण त्याला कुणी भीत नव्हतं. त्या जंगलात सगळे भीत होते ते नेट जाण्याला. वाघसुद्धा.

म्हणून झाडाझाडांवरून इंटरनेटच्या वायरी लोंबत होत्या. वेलींना जागाच उरली नव्हती. कंपन्या दोन होत्या, 'अखंड' आणि 'सुसाट'. वायरी ओढायला दोघींकडे माकडं होती. 'अखंड'ची माकडं लाल टोपी घालत आणि 'सुसाट'ला नावं ठेवत. 'सुसाट'ची निळी टोपी घालत आणि 'अखंड'ला नावं ठेवत. माकडं तीच होती.

त्या जंगलात पैसे म्हणजे मध. आणि बिल भरायला कुठे जावं लागत नसे, ही केवढी सोय! एकदा तुम्ही हो म्हटलंत, की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुंग्यांची रांग थेट तुमच्या घरात येई, बरणीत उतरे आणि ठरलेला मध घेऊन जाई. तुम्हाला कूस बदलायचीही गरज नाही. मुंग्यांना हो म्हटलेलं लगेच ऐकू येई. नाही म्हटलेलं ऐकायला मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

तिथे एक साळिंदर राहत असे. तिला सगळे सगुणाक्का म्हणत. अंगावर हे एवढाले काटे, पण स्वभाव असा गरीब की पाहुणा आला तर सगुणाक्का आधी आपले काटे आवळून घेत आणि मगच 'बसा' म्हणत. उगीच कुणाला लागायला नकोत. त्यांची लेक कुंदा नदीपलीकडच्या डोंगरात दिली होती. तिला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. त्यासाठी सगुणाक्कांनी पोटाला चिमटा घेऊन बरणीभर मध साठवला होता. त्या बरणीवर त्यांचा फार जीव होता.

रोज संध्याकाळी कुंदाचा व्हिडिओ कॉल येई. आणि रोज संध्याकाळीच 'अखंड'चं नेट बसे.

"आई, मला की नाही, सारखं खावंसं वाटतंय..." एवढं बोलून कुंदा तोंड उघडं टाकून थिजे. काय खावंसं वाटतंय, ते कळतच नसे. पोरीचे डोहाळे कळत नाहीत म्हटल्यावर कुठल्या आईच्या घशाखाली घास उतरेल? शेवटी सगुणाक्कांनी 'सुसाट' घ्यायचं ठरवलं.

सगुणाक्का शहाण्या होत्या. नवी चूल पेटल्याशिवाय जुनी विझवू नये, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आधी 'सुसाट' चालू होऊ दिलं. कुंदाला चिंच खावीशी वाटत होती, हे त्या दिवशी कळलं. मग त्यांनी 'अखंड'च्या अटी वाचल्या. बांधून घेतलेली मुदत संपली आहे ना, ते पाहिलं. महिनाभर आधी लेखी कळवलं. शेवटचं बिल चुकतं केलं. मुंग्यांच्या मुकादम मुंगीलाही सांगितलं, "आता येऊ नका हं." मुंगीने मिशा हलवल्या. राहिला तो फक्त कंपनीचा राउटर, काळा, चौकोनी डबा. तो परत करून पावती घ्यायची, की सुटलो!

आणि इथे, बाळांनो, सगुणाक्कांचं चांगलं वळण आडवं आलं.

साळिंदरांच्या घरात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तुमच्याही घरी करत नसतील. शेजारून आमटीची वाटी आली, तर जाताना तिच्यातून निदान चमचाभर साखर तरी जाते. रिकामी वाटी परत देणं म्हणजे उद्धटपणा. त्यातून घरी पोटुशी लेक यायची, म्हणजे अपशकुनच की! सगुणाक्कांनी राउटर हलवून पाहिला. हलका, पोकळ. आत काही नाही. असा कसा द्यायचा? त्यांनी बरणीतला थोडा मध पानाच्या द्रोणात काढला आणि डब्यावर ठेवला.

'अखंड'च्या गुहेत व्यवस्थापक कोल्हा बसला होता.

"अक्का, निघालात? आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो. लेक थिजते."

कोल्ह्याने उसासा टाकला, डबा घेतला आणि द्रोण पाहिला. "हे काय?"

"काही नाही हो. डबा रिकामा कसा द्यायचा? गोड मानून घ्या."

कोल्ह्याने पंजा बुडवून चाटला आणि डोळे मिटले. मग स्वतः पावती लिहून दिली. डबा मिळाला, मध मिळाला. सगुणाक्कांना फार बरं वाटलं. निरोप घ्यावा तर असा, असं स्वतःशीच म्हणत त्या घरी आल्या.

पहिली तारीख उजाडली. बिळाच्या तोंडाशी मुंग्यांच्या दोन रांगा उभ्या.

"अगं, तुम्हाला येऊ नका म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंत," मुकादम मुंगी म्हणाली. "पण रांग थांबवायची तर पुढचीने थांबायला हवं. आणि पुढचीला मागची ढकलते."

सगुणाक्कांनी 'अखंड'ला फोन लावला. तिकडून पोपट बोलला. "जोडणी घ्यायची असेल तर एक टोचा. आणखी एक जोडणी घ्यायची असेल तर दोन टोचा."

"आणि तोडायची असेल तर?"

"आपलं बोलणं आमच्यासाठी मोलाचं आहे," पोपट म्हणाला आणि पेरू खाऊ लागला.

सगुणाक्का तडक गुहेत गेल्या. कोल्ह्याने त्यांना बसायला दगड दिला.

"अक्का, तुम्ही मध दिलात ना?"

"अहो, तो प्रेमाने दिला!"

"आमच्याकडे प्रेमाचा रकाना नाही. आगाऊ भरण्याचा आहे, तिथे मांडला. आगाऊ भरणारं गिऱ्हाईक म्हणजे निष्ठावंत. निष्ठावंतांची जोडणी आपोआप वर्षभर वाढते. अभिनंदन!"

"पण डबा तर मी परत केलाय!"

"तेच तर. जोडणी चालू आणि डबा घरात नाही. म्हणून डबा हरवल्याचा दंड लागलाय."

"हरवला कुठे? तो काय तुमच्या मागे!"

कोल्ह्याने मागे वळून पाहिलं. "अगदी नीट आहे हो," तो म्हणाला. "काळजी करू नका."

सगुणाक्का 'सुसाट'च्या गुहेत गेल्या. तिथेही एक कोल्हा होता, पहिल्याचा साडू. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"एका बिळात दोन जोडण्या? म्हणजे धंदा दिसतोय," तो म्हणाला. "धंद्याला दर दुप्पट."

परतीच्या वाटेवर चिखलात रंगू रानडुक्कर लोळत होता. त्यानेही 'अखंड' सोडलं होतं.

"रंगूभाऊ, तुम्ही कसं हो सोडलंत?"

"कसं म्हणजे? वायर चावली. डबा डोहात फेकला. पोपटाला म्हटलं, पुन्हा फोन केलास तर पिसं उपटीन. मुंग्या आल्या, त्या चाटून खाल्ल्या."

"आणि बिल?"

"बिल कसलं? परवा कोल्हा स्वतः आला होता, नारळ घेऊन. म्हणाला, रंगूशेठ, परत या, वर्षभर फुकट."

सगुणाक्कांच्या अंगावरचे सगळे काटे जन्मात पहिल्यांदा उभे राहिले. असा संताप त्यांना कधी आला नव्हता. तेवढ्यात समोरून एक हरीण आलं. त्याला लागतील म्हणून त्यांनी ते पुन्हा आवळून घेतले.

दिवस भरत आले तशी कुंदा माहेरी आली. तोवर रांगा आणखी येऊन गेल्या होत्या. बरणीत बोट फिरवलं तर बोटालासुद्धा काही लागेना.

"आई, मध कुठाय गं? बरणीभर ठेवलाय म्हणत होतीस."

सगुणाक्कांना खोटं बोलता येत नव्हतं. "मुंग्यांनी नेला गं."

"मग झाकण घट्ट लावायचं नाही का?" कुंदा म्हणाली. दमून आली होती बिचारी, सहज बोलून गेली. सगुणाक्का चुलीकडे तोंड करून खूप वेळ रडल्या.

त्याच आठवड्यात कुंदा बाळंत झाली. मऊ मऊ काट्यांचं पिल्लू झालं. त्याने पहिला टाहो फोडला आणि फोन वाजला.

"घरात नवा सदस्य आल्याबद्दल 'अखंड' परिवारातर्फे हार्दिक अभिनंदन!" पोपट म्हणाला. "त्यांच्या नावाने जोडणी सुरू केली आहे. नको असल्यास त्यांनी स्वतः गुहेत येऊन तसं सांगावं."

तात्पर्य : जो रीतसर निरोप घेतो त्याला बिल येतं, आणि जो शिव्या देऊन पळतो त्याला ऑफर येते. तेव्हा बाळांनो, चांगलं वळण जरूर लावून घ्या. फक्त ते आपल्याला परवडतं का, हे आधी आईला विचारा.