मोठ्या अक्षरांतले मामा

इंद्रकुमारला राग आला की घरात एक नवी वस्तू येई. केबलवाल्यावर चिडला तेव्हा डिश आली, दूधवाल्यावर चिडला तेव्हा म्हैस. (डिश बंद पडली. म्हैस आहे, पण त्याला जवळ येऊ देत नाही.) धाकट्या लेकीच्या, आचलच्या लग्नपत्रिका छापणारा म्हणाला, "मामाचं नाव एवढं मोठं बरं दिसत नाही," आणि मुर्रीतल्या त्या घरात लेझर प्रिंटर आला.

नाव मोठं हवंच होतं. थोरलीच्या पत्रिकेत केशोरावमामांचं नाव बारीक अक्षरांत आलं, तर मामा लग्नभर मांडवाबाहेर खुर्ची टाकून उपाशी बसले. अंजूनं नवऱ्याला बजावलंच होतं, "या बारीले माह्या भाऊ रुसला, त मी बी त्याच्याच बाजूले खुर्ची टाकीन."

इंद्रकुमारनं मिठाईच्या खोक्याइतका जाड कागद आणला. पहिला आतच अडकला. दुसरा चुरगळून बाहेर आला. त्यानं प्रिंटरला एक चापट मारली.

"बाबा, सेटिंगमधी जाड कागद निवडा लागते," आचल म्हणाली. "नाही त मशीन कमी तापते, अन् शाई नुसती वरवर बसते."

"मी सांगू त्याले? कागद त्याच्याच पोटातून जाऊन राहिला ना? त्याले समजत नाही?"

शेवटी त्यानं एकेक कागद हातानं आत ढकलला. पत्रिका निघाल्या. मामांचं नाव तर असं ठसठशीत आलं की इंद्रकुमारला घटकाभर राग आला नाही.

देवापुढे एक ठेवून झाल्यावर पुढची पत्रिका मामाची. तिघं अर्जुनी मोरगावला गेले. मामांनी हळदीकुंकू लावलेली पत्रिका उघडली, नाव पाहिलं आणि मायेनं त्यावरून अंगठा फिरवला.

नाव अंगठ्यावर आलं. पत्रिकेवर फक्त बारीक अक्षरांतलं 'मामा' उरलं.

"जीजाजी," मामांचा आवाज चढला, "पुसाचंच होतं त छापलं कायले?"

"कागदच तसा हाये! हे पाहा, माह्यं बी नाव निघते!" इंद्रकुमारनं तळाचं आपलं बारीक नाव घासलं. पुन्हा घासलं. नखानं खरवडलं. ते हललं नाही.

मामांनी खुर्ची उचलली आणि अंगणात नेली. अंजूनं दुसरी उचलली.

तेव्हा आचलनं पर्समधून एक पत्रिका काढली. "मामाजी, ही घ्या. बाबा आंघोळीले गेले तवा सेटिंग बदलवून काढली."

मामांनी अंगठा घासला. थुंकी लावून घासला. नाव जागच्या जागी. त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितला.

इंद्रकुमार अजून धुमसत होता. "अन् त्या प्रिंटरनं तुह्यं ऐकलं?"

"एकदा सांगितलं, ऐकलं."

"मशीन होये ना ते," भावाच्या अंगठ्याची शाई पुसत अंजू म्हणाली, "नवरा थोडीच होये."