डोमाभाऊ अन् सिलिंडरची भित

गडचांदूरच्या डोमाभाऊच्या हातात इंजिन आलं, की पैले तो ब्लॉकच्या पाण्याच्या भोकात बोट घालते अन् डोळे मिटते. गाय गाभण हाय का, हे पाहणारा डॉक्टर उभा राह्यते ना, तसा. तवा बोलाचं नाई. मी एकदा बोललो, तं मले दुकानाबाहेर बसवलं.

त्याचा धंदा इंजिनाचे सिलिंडर आतून कापून मोठे कराचा. पण त्याले कापण्यापेक्षा न कापण्यातच गोडी. सिलिंडर अन् त्याले थंड ठेवणारं पाणी यांच्या मंधात लोखंडाची जे भित असते, तिच्यावर त्याचा सारा जीव. बजारात मटका घेतानाबी आत बोट घालून भितच पाह्यते. कुंभारीण शिव्या देते, याले ऐकूच येत नाई.

आमच्या नदीच्या रेतीत जीपची शर्यत होते. मले ते जिंकाची होती, अन् तेबी माझ्या ईवायाच्या पुढं. पोरीचा सासरा तो. दरसाली जिंकते अन् माझ्याकडे पाहून मिशीवर हात फिरवते. म्हणून म्या इंजिन उतरवून डोमाभाऊकडे नेलं.

"मोठे पिस्टन बसव," म्हटलं. "भित जाड हाय. म्या सोता मोजली."

त्यानं बोट घातलं. मंग पेचकस घालून खरडलं. पांढऱ्या खपल्या खाली पडल्या.

"भाऊ, हे लोखंड नाई. इथल्या पाण्याचा चुना हाय. तुमी चुना मोजला."

"मंग थोडंच काप."

"पिस्टन ज्या अंगाले रेटते, तिकडचीच भित पातळ हाय. अजून कापली तं ताव आल्यावर फाटन. पाणी आत, तुमी बाहेर."

"दुसरीकडे नेतो."

"न्या. गाडी कोन चालवते?"

"मीच. अजून कोन?"

त्यानं ब्लॉक उचलला, आपल्या खाटेखाली सारला अन् वर बसून राह्यला. तो दुकानातच राह्यते. घरी वाट पाहणारं कोनी नाई. मी हट्टी मानूस, गावाले ठाऊक हाय. पण सांजेपावतर तो काई उठला नाई. शेवटी सिलिंडर जुन्याच मापावर घासून, पिस्टनले नव्या रिंगा टाकून त्यानं इंजिन दिलं.

शर्यतीत ईवायानं मले रेती खाऊ घातली. मी मागून पोचलो, तं डोमाभाऊ समोर. कोनाच्या लग्नालेबी दुकान न सोडणारा मानूस घामानं भिजून रेतीत उभा. वाटलं, आता बॉनेट उघडन. त्यानं बॉनेटकडे पाह्यलंबी नाई. माझा हात धरला.

"लागलं तं नाई कुठी?"

"लागते काऊन? हारलो ना. ईवाई जिंकला."

"हो का?" म्हणे.

त्यानं ते पाह्यलंच नव्हतं.