यतीन समुद्रात असल्याबाबत

दादरच्या आमच्या हॅम रेडिओ मंडळाने, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाल्यांनी, आपत्कालीन सराव घ्यायचं ठरवलं, तेव्हा नियंत्रण कक्ष माझ्या घरी असावा असं मीच सुचवलं. टेबल माझं होतं आणि हौसही. योजना सोपी होती. मंडळातला यतीन कमरेला रेडिओ लावून हिंदमाताच्या पुलापर्यंत चालत जाणार, रेडिओ त्याचा ठावठिकाणा आपोआप कळवणार आणि माझ्या लॅपटॉपवरच्या नकाशात यतीन ठिपका होऊन अवतरणार. नकाशावर खात्री झाल्याशिवाय मदत पाठवू नये, हा नियमही मीच लिहिला होता.

यतीन निघाला. मी सॉफ्टवेअर उघडलं. सॉफ्टवेअरने कळवलं, ‘पोर्ट सापडत नाही.’ म्हणजे रेडिओ कुठे जोडलाय, तेच त्याला दिसेना.

यतीनचा ठावठिकाणा पकडणाऱ्या माझ्या रेडिओची केबल जुनी, नऊ पिनांची. लॅपटॉप नवा, त्याला तसलं भोकच नाही. म्हणून मधे कन्व्हर्टर लावला होता. लॅपटॉपने त्याला अकरा नंबरचं पोर्ट दिलं. सॉफ्टवेअरला चारच्या पुढचे आकडे मान्य नव्हते. खटपट करून मी अकराचं तीन केलं. तेव्हा उत्तर आलं, ‘हे पोर्ट दुसरा प्रोग्राम वापरत आहे.’ तपास केला. दुसरा प्रोग्राम म्हणजे हेच सॉफ्टवेअर. घाईत मी ते दोनदा उघडलं होतं.

एवढ्यात टेबलावरच्या बोलायच्या सेटमधून यतीनचा आवाज आला.

“हेरंब, हिंदमाताला आहे. फुटपाथची लादी उखडलेली, पाय मुरगळला यार. उभं राहता येत नाहीये. ओव्हर.”

“नकाशावर दिसत नाहीयेस. ओव्हर.”

“अरे, पुलाखाली बसलोय! समोर साड्यांचं दुकान आहे. ओव्हर.”

“तोंडी माहिती ग्राह्य नाही. जागचा हलू नकोस. ओव्हर.”

“हलता येत नाही, तेच तर बोंबलतोय!”

या वेळी तो ओव्हर म्हणाला नाही. मी तशी नोंद केली.

मग मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. सगळ्या अटी मान्य केल्या. त्यात काय होतं, देव जाणे. शेवटी ठिपका उमटला. यतीन आफ्रिकेच्या पश्चिमेला, भर समुद्रात होता. पुलाखाली त्याच्या यंत्राला उपग्रह सापडत नव्हते, म्हणून ते अक्षांश शून्य, रेखांश शून्य असं पाठवत होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त नकाशा चालू झाल्याचा आनंद झाला.

“यतीन, तू समुद्रात आहेस. तिथे मंडळाची हद्द नाही. ओव्हर.”

यावर तो जे बोलला, ते रेडिओच्या परवान्यात बसत नाही.

बायको, सुरुची, स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. ती चपला घालू लागली.

“कुठे निघालीस?”

“हिंदमाताला. टॅक्सी करते.”

“पण खात्री कुठे झालीय?”

“तो स्वतः सांगतोय ना!”

“तेच तर! स्वतःबद्दल सांगतोय. तो निःपक्ष साक्षीदार नाही.”

ती दार आपटून गेली आणि यतीनला घेऊन आली. त्याचा घोटा टम्म सुजला होता. सुरुचीने त्याला सोफ्यावर बसवून पायावर बर्फ ठेवला. मी नकाशा पाहिला. यतीन अजून समुद्रातच होता.

“यतीन,” मी काकुळतीने म्हणालो, “जरा लंगडत खिडकीशी जातोस? तिथे उपग्रह सापडतील. तुला नकाशावर घरी आणायचंय.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मंडळाने मात्र ठिपका उमटल्याबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

हसा, हसा. पण परवा लालबागला तुमची आत्या गॅलरीतून “अरे, इथे, इथे!” ओरडत असताना, फोनमधली बाई अजून ‘सरळ जा’ म्हणतेय म्हणून सरळ निघून गेलेले गृहस्थ, ते कोण होते?